रिलॅप्स (व्यसन किंवा आजार उलटणं) हळदीच्या रात्री झालाच नव्हता, दुधाच्या हिशोबात आधीच दिसत होता

सायली_मिरज | रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. मी इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते फार क्वचित. आज लिहितेय कारण एक गोष्ट चार दिवस डोक्यातून जात नाहीये आणि घरात सगळे इतके दमलेत की कुणाशी बोलावं कळत नाही.

माझा मोठा भाऊ, वय ४३. बायपोलर (कधी अति उत्साह, कधी टोकाची उदासी, असा मनाचा आजार) आहे हे १२ वर्षांपूर्वी कळलं, दारू त्याच्याही आधीपासून. दोन्ही आजार एकाच माणसाला म्हणजे काय ते ज्यांच्या घरात आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पण मधे खूप छान गेले दिवस, १४ महिने थेंब नाही, लिथियम (बायपोलरची गोळी) चालू, मंगळवार शुक्रवार एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग, वर्कशॉपला परत जायला लागला होता. २६ मेला मावसभावाच्या हळदीला प्यायला आणि मग सहा दिवस थांबलाच नाही, शेवटी हात थरथरायला लागले, रात्रभर बोलतच होता, दवाखान्यात न्यावं लागलं.

तेव्हापासून घरात एकच वाक्य चालू आहे, हळदीला न्यायला नको होतं. आई तर स्वतःलाच बोल लावते कारण "चल रे, सगळे विचारतील" असं तीच म्हणाली होती. मी पण तेच धरून बसले होते.

तर झालं असं की दादा ॲडमिट असताना दूधवाला पैसे मागायला आला म्हणून मी कालनिर्णयचं मे महिन्याचं पान काढलं. आमच्या आईला सवय आहे, तारखेच्या चौकटीत बॉलपेनने सगळं लिहिते, दूध किती, सिलेंडर कधी लावला, मावशींचे खाडे, दादाची औषधं आणल्याची तारीख, मीटिंगला गेला की छोटीशी फुली. हिशोब करताना मला दिसलं की ५ तारखेपासून रोज "अर्धा लि. जादा" आहे. मी आईला विचारलं पाहुणे होते का तेव्हा? ती म्हणाली नाही गं, दादा पहाटे साडेतीनला उठून चहा करायचा, दोनदोनदा, मला वाटलं कामाला लागलाय, बरं आहे. मग मी फुल्या बघितल्या. ८ तारखेनंतर एक पण फुली नाही. मग औषधं बघितली. ३१ मार्चला महिन्याची आणल्याचं लिहिलंय, एप्रिलचं पान अख्खं आणि मेचं पान अख्खं चाळलं, परत आणल्याची नोंदच नाही!!

म्हणजे तीन आठवडे आधी सगळं भिंतीवर टांगलेलं होतं, आमच्या आईच्या अक्षरात. २६ तारखेला फक्त ग्लास हातात आला.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या घरी किंवा तुमच्या स्वतःच्या बाबतीत अगदी पहिली खूण काय होती, पिण्याच्या किंवा आजार उलटण्याच्या आधीची? आणि ती दिसली तर समोरच्याला कसं सांगायचं, कारण मी नुसतं "झोपला नाहीस का" म्हटलं तरी तो भडकतो.

---

फक्त_आजचा_दिवस | सकाळी ६:१०

सायलीताई, मी अल्कोहोलिक आहे, आज नऊ वर्षं सात महिने झाले प्यायलो नाही. पण त्याआधी एकदा चार वर्षं सोबर (न पिता) राहून घसरलोय, म्हणून तुमचं कॅलेंडरचं वाचून अंगावर काटा आला.

माझी पहिली खूण सतरंजी होती. आमच्या ग्रुपला मीटिंगआधी सतरंज्या घालायची आणि शेवटी चहाचे कप विसळायची सेवा माझ्याकडे होती. चार वर्षं कधी चुकवली नाही. मग ऑफिसात प्रमोशन झालं, मी दहा मिनिटं उशिरा जायला लागलो, सतरंज्या दुसरा कुणीतरी घालायला लागला. मग शेअरिंग न करता नुसता मागे बसायला लागलो, मग कप न विसळता निघायला लागलो. बायकोला सांगायचो मीटिंगला जाऊन आलो आणि ते खोटं पण नव्हतं. मग माझा गाडीचा रस्ता बदलला, म्हटलं त्या बाजूच्या पंपावर गर्दी कमी असते. त्या पंपासमोरच माझा जुना परमिट रूम. मी शपथेवर सांगतो, तेव्हा मला खरंच वाटत होतं की मी पेट्रोलसाठी जातोय.

नंतर समुपदेशकाने सांगितलं की ॲलन मार्लट नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी यावर बरंच काम केलंय, वरवर दारूशी संबंध नसलेले छोटे छोटे निर्णय माणूस घेत जातो आणि शेवटी अशा जागी पोचतो जिथे नाही म्हणणं जवळजवळ अशक्य असतं. तुमचा दादा हळदीत पोचला तेव्हा असाच पोचला असणार, झोप नाही, गोळी नाही, मीटिंग नाही. त्या अवस्थेत मी पण प्यायलो असतो.

आमच्याकडे चार शब्द शिकवतात, भूक, राग, एकटेपणा, थकवा. यातलं एक जरी असेल तरी सावध, दोन असतील तर लगेच कुणालातरी फोन. ऐकायला पोरकट वाटतं पण मी अजून संध्याकाळी सहाला खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवतो, कारण माझी तलफ निम्म्या वेळा भूकच असते. आणि तलफ लाटेसारखी असते हे पण खरंय, चढते, टोकाला जाते आणि ओसरते, बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या आत, फक्त तेवढा वेळ काढायचा असतो.

अजून एक, घसरणं आणि पूर्ण कोसळणं यात फरक आहे. पहिल्या ग्लासने माझं जितकं नुकसान केलं त्याच्या दसपट नुकसान "आता गेलीच चार वर्षं, आता काय राहिलं" या विचाराने केलं. त्या रात्री जर कुणी सांगितलं असतं की एकच झालाय, आत्ता ऊठ आणि फोन कर, तर पुढचे सात महिने वाचले असते. घरच्यांनी पहिल्या ग्लासलाच "झालं, परत सगळं पाण्यात" असं म्हणू नये, हे हात जोडून सांगतो.

---

रोहिणी७८ | सकाळी १०:२५

राग आला तर माफ करा पण मला हे वाचून खूप त्रास झाला.

माझ्या नवऱ्याला तीनदा ॲडमिट केलंय. प्रत्येक वेळी मला सांगतात हा आजार आहे, रिलॅप्स होतोच, तुम्ही समजून घ्या. आता तो स्वतःच मला तोंडावर म्हणतो "रिलॅप्स हा रिकव्हरीचा भाग आहे, डॉक्टरांनीच सांगितलंय". म्हणजे शब्द शिकून आला आणि त्याचीच ढाल केली. मुलीच्या बारावीची फी भरायची होती तेव्हा माझ्या पाटल्या कपाटात नव्हत्या. हा पण रिकव्हरीचा भाग का?

आणि खुणा मला पण माहीत आहेत की. तो अचानक फार गोड वागायला लागतो, भाजी आणून देतो, भांडी घासतो, आणि फोन बाथरूममध्ये घेऊन जातो. मला तीन आठवडे आधी कळतं. कळून मी काय करू? शाळा, सासूबाईंचं डायलिसिस, आणि वरून त्याच्या खिशांचा वास घेत बसू? मागच्या वर्षी वैतागून पेपरात जाहिरात असते ना, "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा", ती पावडर मागवून चहातून दिली. काही उपयोग झाला नाही.

---

खिडकीजवळचा | दुपारी १:५०

मी पेशंटच्या बाजूने लिहितो. दारू नाही, डिप्रेशन, आत्तापर्यंत तीनदा. वय ३१, बंगळुरूला असतो, आईवडील सातारला.

दुसऱ्यांदा उलटलं ते माझ्या स्वतःच्या हाताने. आठ महिने बरा होतो, वाटलं आता कशाला गोळ्या, कुणाला न विचारता बंद केल्या. पहिले काही दिवस चक्कर, झोप उडाली, ते गेलं आणि वाटलं बघा, काही होत नाही. आणि मग साधारण दोन महिन्यांनी डबा. म्हणजे मी ऑफिसातून आलो की बॅगेतून डबा काढून सिंकमध्ये टाकायचो, तो बॅगेतच राहायला लागला. एक दिवस, दोन दिवस, मग नवीन डबा घेतला आणि तो पण बॅगेत. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर मटकीच्या उसळीवर पांढरी बुरशी, आणि मी झाकण परत लावून ठेवलं. रडू नाही, दुःख नाही, काहीच नाही. माझ्यासाठी ती खूण आहे. उदास वाटणं फार नंतर येतं.

सायलीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. "गोळी घेतलीस का" हे आई दिवसातून सहा वेळा विचारायची, फोनवर आवाज जरा पडला की "परत तसं होतंय का". मग मी आवाज चढवून, हसून बोलायला शिकलो, आणि त्यामुळे तिसऱ्या वेळी कुणालाच कळलं नाही. लक्ष ठेवताय हे कळलं की माणूस लपवायला शिकतो. बाबा वेगळे. ते सातारला गेलो की म्हणायचे "चल, दळण आणू". गिरणीत नंबर लागेपर्यंत अर्धा तास, पिठाच्या आवाजात कुणी फार बोलू शकत नाही. तिथे मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं की डबा धुवायला होत नाहीये. ते एवढंच म्हणाले, "मग उद्या डॉक्टरांकडे जाऊ, मी पण येतो."

---

डॉ_कृष्णाकाठ | संध्याकाळी ७:३५

धागा सकाळपासून वाचतोय, ओपीडी संपल्यावर लिहितोय, जरा लांबेल. मी मानसोपचार करतो. इथून कुणाचं निदान किंवा डोस सांगणार नाही, पण काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

आधी रोहिणीताई, ती पावडर कृपा करून परत देऊ नका. त्यात काय असतं ते पाकिटावर लिहिलेलं असतंच असं नाही. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते घेतलेल्या माणसाने दारू घेतली की चेहरा लाल होतो, धडधड, उलट्या, बीपी खाली जातं, जिवावर बेतू शकतं. म्हणून ते पेशंटला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच देतात. नकळत दिलं तर तो सावध कसा राहणार?

आता आकडे, कारण "रिलॅप्स होतोच" हे वाक्य अर्धवट पोचतं. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूजचा आकडा असा की व्यसनाच्या उपचारांनंतर साधारण ४० ते ६० टक्के लोकांत पुन्हा सुरुवात होते, आणि तुलनेसाठी बीपी आणि दमा घेतला तर तिथे ५० ते ७० टक्के. ही तुलना मुद्दाम केलेली आहे. दम्याचा ॲटॅक परत आला तर आपण "तुझी इच्छाशक्ती कमी" असं म्हणत नाही. पण दम्याच्या पेशंटला पंप वापरायची जबाबदारी असते की नाही? असते. तशीच इथे. आजार असणं हा दोष नाही, उपचार चालू ठेवणं हे काम मात्र त्याचंच आहे. आणि पाटल्या विकल्या त्याचा जाब तुम्ही विचारू शकता, आजार समजून घेणं म्हणजे घरातलं सोनं उघडं ठेवणं असा अर्थ कुणीही लावू नये.

औषध बंद करण्याबद्दल. स्किझोफ्रेनियाच्या (भास-भ्रम होणारा मनाचा आजार) पहिल्या झटक्यातून बरे झालेल्यांचा एक अमेरिकन अभ्यास १९९९ मध्ये आला, त्यात पाच वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त लोकांना आजार परत आला आणि औषध सोडलेल्यांत धोका जवळपास पाचपट होता. बायपोलरमध्ये लिथियम एकदम तोडलं की मेनिया (अति उत्साहाचा झटका) उसळून येतो हे आम्ही वारंवार बघतो. आणि घात काय होतो, गोळी सोडल्यावर पहिले आठवडे माणसाला उलट छान वाटतं. थरथर कमी, तहान कमी, डोकं हलकं. त्याला वाटतं बघा, गोळीच त्रास देत होती.

सायलीताई, झोप आधी गेली की गोळी आधी गेली हे आता सांगता येणार नाही, आणि तसं बघितलं तर दोन्ही एकमेकांना ओढतात. बायपोलरमध्ये झोप कमी होणं ही खूणही आहे आणि कारणही. लग्नसराईत घरात गर्दी, रात्री उशिरा जेवणं, डीजे, प्रवास, नेमकं तेच होतं. तुमच्या आईला "कामाला लागलाय" वाटलं यात तिची काहीच चूक नाही, मेनियाची सुरुवात घरच्यांना अगदी अशीच, उत्साह आल्यासारखी दिसते.

घरच्या बोलण्याबद्दल पण अभ्यास झालाय. लंडनमध्ये १९७६ साली वॉन आणि लेफ यांनी दाखवलं की ज्या घरात सतत टीका, राग किंवा अति काळजीने गुरफटणं असतं तिथे स्किझोफ्रेनिया जास्त उलटतो, आणि आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर असतील तर आणखी जास्त. पुढे चंदीगडला असाच अभ्यास झाला, तिथल्या घरांत लंडनपेक्षा टीकेचं प्रमाण बरंच कमी निघालं, पण जिथे माणसाबद्दलच वैर होतं तिथे मात्र आजार उलटला. "तू आज मीटिंगला गेला नाहीस" आणि "तू असलाच आहेस" यातला फरक तो हाच. खिडकीजवळच्या मित्राच्या वडिलांनी गिरणीत जे केलं ते मी माझ्या पेशंटच्या घरच्यांना सांगणार आहे.

अजून एक धोक्याची सूचना. रोज भरपूर पिणाऱ्याला कुणी रागाने खोलीत कोंडून एकदम दारू तोडायला लावू नये. पहिल्या एकदोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम, ताप, सगळं. हात थरथरायला लागले की दवाखाना, सायलीताईंनी केलं तेच बरोबर.

---

चाळ_नंबर_तीन | रात्री ९:०५

डॉक्टर यात एक जोडा प्लीज. मी दादरचा, माझा मित्र गर्दवर (ब्राऊन शुगर) होता. व्यसनमुक्ती सेंटरमधून तीन महिन्यांनी आला, गुटगुटीत होऊन आला होता, त्याच्या आईने पुरणपोळ्या केल्या. अकराव्या दिवशी गेला. त्याने जुन्या मापानेच घेतली होती. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की असं होतं.

---

डॉ_कृष्णाकाठ | रात्री ९:२०

फार वाईट झालं. हो, अफूजन्य नशेत, म्हणजे गर्द, हेरॉइन, काही वेदनाशामक इंजेक्शनं, हा सगळ्यात मोठा धोका आहे. काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते, पण डोक्यात माप जुनंच असतं, आणि त्या मापाने श्वास थांबतो. म्हणून सेंटरमधून बाहेर आल्यानंतरचे पहिले आठवडे सगळ्यात नाजूक. हे पेशंटला आणि घरच्यांना, दोघांनाही स्पष्ट शब्दांत सांगितलंच पाहिजे.

---

फक्त_आजचा_दिवस | रात्री ९:५५

रोहिणीताई, तुमचा राग मला माझ्या बायकोचा वाटला, ती हेच बोलायची आणि बरोबर बोलायची. मी "आजार आहे" म्हणून सुटू बघायचो तेव्हा माझा स्पॉन्सर (एएमधला मला सांभाळून घेणारा जुना सोबती) म्हणायचा, आजार आहे ना, मग औषध घे, चल मीटिंगला.

तुम्ही एकदा स्वतःसाठी कुठेतरी जा. त्याच्यासाठी अजिबात नको. ॲल-ॲनॉन म्हणून घरच्यांचे ग्रुप असतात. पुण्यात अवचट पतीपत्नींनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीतून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथेसुद्धा पेशंटच्या बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे. माझी बायको अशाच एका गटात वर्षभर गेली. ती परत आली ती खिसे तपासणं सोडून आली. तिने मला शांतपणे सांगितलं, पिऊन आलास तर दार उघडणार नाही, आणि खरंच उघडलं नाही. जिन्यात बसून काढलेली ती रात्र मला चांगली आठवते.

---

रोहिणी७८ | रात्री १०:४०

पावडर फेकून दिली आत्ता. डॉक्टर धन्यवाद.

बाकी मला अजून पटलेलं नाही सगळं. त्याच्यावर परत विश्वास ठेवणं आता माझ्याकडून होईलसं वाटत नाही. पण गटाचं बघते. शनिवारी शाळा अर्धा दिवस असते.

---

सायली_मिरज | नऊ दिवसांनी, संध्याकाळी ८:१५

सगळ्यांचे आभार, प्रत्येक उत्तर मी दोनतीनदा वाचलं.

दादा घरी आलाय. मी ठरवलं होतं की कॅलेंडरचा विषय लगेच काढायचा नाही. पण परवा शेंगा सोलत बसलो होतो, मी, तो आणि आई, टीव्ही बंद, आणि मला गिरणी आठवली. मी मेचं पान आणून मधे ठेवलं आणि म्हटलं दादा, यात मला काहीतरी दिसलं, तुला काय दिसतंय सांग. आधी गप्प बसला. मग बोटाने जादा दुधाच्या चौकटी मोजल्या त्याने. एकवीस. आणि म्हणाला, "सायले, तेव्हा मला पहाटेचा चहा इतका गोड लागायचा ना, वाटायचं एवढी चांगली पहाट मी आयुष्यात बघितली नाही. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं."

मग त्यानेच बॉलपेन घेतलं. जुलैच्या पानाच्या मागे लिहिलंय, त्याच्या अक्षरात: लागोपाठ दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप झाली तर सायलीने मला न विचारता डॉक्टरांना फोन करायचा. लागोपाठ दोन मीटिंग चुकल्या तर आईने माझ्या स्पॉन्सरला कळवायचं. गोळ्यांची नोंद मी स्वतः करणार. आणि खाली लिहिलंय, मी तेव्हा भांडेन, माझं ऐकू नका. हे वाचून आई आत निघून गेली.

त्याने अजून एक तारीख शोधली, आषाढ अमावस्या. गटारीला वर्कशॉपची पोरं मटण आणि बाटल्या घेऊन बसतात, दरवर्षी. त्या संध्याकाळी तो मीटिंगला जाणार, तिथेच सतरंज्या घालायला लवकर जाणार म्हणाला (हे मी तुमचं वाचून दाखवलं होतं, राग मानू नका). टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ नंबर पण फ्रिजवर लावलाय, मराठीत बोलतात आणि रात्रीही लागतो.

डॉक्टर, एकच विचारायचं राहिलं. आषाढीला आमच्याकडे सगळ्यांचा उपवास असतो, दादाला पण करायचाय. लिथियमवर चालेल का?

---

डॉ_कृष्णाकाठ | रात्री १०:०२

त्याच्या डॉक्टरांना एकदा फोन करून विचाराच. साधारण नियम असा की शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियमची पातळी रक्तात वाढते, म्हणून निर्जळी अजिबात नको. साबुदाणा, भगर, ताक, नेहमीइतकं मीठ आणि भरपूर पाणी घेऊन उपवास केला तर बहुतेकांना त्रास होत नाही. उलट्या जुलाब झाले, हात नेहमीपेक्षा जास्त थरथरले, तोल गेला तर लगेच दाखवायचं. डोकेदुखीला आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत, त्यानेही पातळी वाढते. आणि नव्याने सुरू केलंय तर रक्ताची तपासणी कधी आहे ते विचारून घ्या.

ती तारीख पण कॅलेंडरवर लिहा.

---

सायली_मिरज | रात्री १०:१९

लिहिली. सोमवारी सकाळी, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. दादाने स्वतः लिहिली.